संत गोन्सालो गार्सिया : अफवेचा बळी, क्षमेचा साक्षीदार

प्रतिवर्षी ६ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा संत पॉल मिकी व त्यांच्या सोबत्यांचा स्मृतिदिन साजरा करते. जपानमधील नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर प्राण अर्पण केलेल्या या २६ रक्तसाक्षींमध्ये एक आपल्या मातीतला आहे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले संत होत. वसईच्या भाविकांना त्यांचे चरित्र बालपणापासून ठाऊक असते. मराठवाड्यातील आपल्या धर्मग्रामांत मात्र त्यांचे नाव ऐकलेले असले, तरी त्यांच्या मरणामागील कारणांची चर्चा क्वचितच होते. ती कारणे आपल्या रोजच्या जीवनाशी निगडित आहेत. कुजबूज, संशय, आपसांतील हेवेदावे आणि एका माणसाच्या तोंडून गेल्याचे सांगितले जाणारे बेजबाबदार शब्द यांचा त्यांत मोठा वाटा होता. म्हणून या संताचे चरित्र आम्ही यंदा त्या अंगाने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वसईचा बालक

गोन्सालो यांचा जन्म सुमारे १५५६-५७ साली वसई येथे झाला. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्यांचे वडील पोर्तुगीज सैनिक होते आणि आई स्थानिक होती, असे परंपरा सांगते. अशा मिश्र कुळातील मुलाला त्या काळच्या पोर्तुगीज समाजात बरोबरीचे स्थान सहसा मिळत नसे. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंनी चालविलेल्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. फादर सेबॅस्टियन गोन्साल्विस यांची या मुलावर विशेष मर्जी होती. पुढे हे धर्मगुरू जपानला निघाले, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे गोन्सालो त्यांच्यासोबत गेले.

जपानमध्ये पोहोचल्यावर या तरुणाचा एक गुण सर्वांच्या ध्यानात आला. तेथील भाषा त्यांनी फार लवकर आत्मसात केली. ते लोकांत सहज मिसळत, मुलांना धर्मशिक्षण देत आणि धर्मगुरूंचे म्हणणे लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगत. अशी कित्येक वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती सफल झाली नाही.

ज्या घरात आपण वाढलो, ज्याची सेवा केली, त्याच घराचे दार बंद राहणे ही मोठी व्यथा होय. अशा प्रसंगी माणसाच्या मनात कटुता शिरते आणि ती जिभेवाटे बाहेर पडते. आपल्याही धर्मग्रामांत गायनमंडळात स्थान न मिळालेला किंवा पंचायतीत निवड न झालेला मनुष्य वर्षानुवर्षे इतरांची निंदा करीत राहतो, हे आम्ही पाहतो. गोन्सालो यांनी तो मार्ग धरला नाही. ते संघाबाहेर पडले आणि व्यापार करू लागले. व्यापारात त्यांचा चांगला जम बसला. पूर्वेकडील बंदरांशी त्यांचा संबंध आला आणि पुढे ते फिलिपाईन्समधील मनिला येथे गेले. तेथे त्यांची फ्रान्सिस्कन संन्याशांशी ओळख झाली. १५८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपला व्यापार सोडला आणि संत फ्रान्सिसच्या संघात साधा ब्रदर म्हणून प्रवेश केला. त्यांना गुरुदीक्षा मिळाली नव्हती. अखेरपर्यंत ते ब्रदरच राहिले.

पुन्हा जपान

१५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्याकडे शिष्टमंडळ पाठविले. त्याचे प्रमुख फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता होते आणि दुभाषी म्हणून त्यांच्यासोबत ब्रदर गोन्सालो होते. वसईच्या शाळेत शिकलेला हा मनुष्य आता जपानच्या सर्वाधिक सामर्थ्यवान पुरुषापुढे उभा राहून दोन राष्ट्रांमधील संवाद वाहून नेऊ लागला. दुभाष्याचे काम नाजूक असते. एका बाजूचा शब्द दुसऱ्या बाजूला पोहोचविताना त्यात आपल्या मनाचे काहीही मिसळू न देणे, ही त्याची पहिली कसोटी होय. चहाडखोर याच्या नेमके उलट करतो. तोही शब्द इकडून तिकडे नेतो, परंतु वाटेत त्यात आपले मीठमसाला घालतो.

हिदेयोशी यांनी फ्रान्सिस्कनांना राहण्याची अनुमती आणि क्योतो येथे जागा दिली. तेथे त्यांनी चर्च व मठ उभारला आणि कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ चालविले. समाजाने टाकलेल्या रोग्यांच्या जखमा धुणारे हे अनवाणी संन्यासी पाहून अनेक जपानी लोक ख्रिस्ताकडे ओढले गेले. पुढे ज्या सतरा प्रापंचिकांनी त्यांच्यासोबत प्राण दिले, त्यांपैकी बरेच जण या मठांचे व इस्पितळांचे साहाय्यक होते.

एकाच घरातील दुरावा

येथे एक कटू सत्य सांगणे भाग आहे. जपानमध्ये त्या काळी काम करणारे येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन यांच्यात सख्य नव्हते. १५८५ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी जपानचे कार्यक्षेत्र केवळ येशूसंघाकडे सोपविले होते. फ्रान्सिस्कनांचे म्हणणे असे की, त्यानंतरच्या पोपमहोदयांनी आपल्याला दिलेल्या अधिकारामुळे हा निर्बंध आपल्याला लागू होत नाही. हिदेयोशी यांनी १५८७ सालीच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला होता. तो कडकपणे अमलात आला नव्हता, म्हणून येशूसंघीय शांतपणे, डोळ्यांवर न येता काम करीत होते. फ्रान्सिस्कन उघडपणे प्रवचने देत. एका बाजूला दुसरी बाजू अविचारी वाटे, तर दुसरीला पहिली भित्री वाटे. त्यात येशूसंघाला पोर्तुगीजांचा, तर फ्रान्सिस्कनांना स्पॅनिश लोकांचा आधार होता आणि या दोन राष्ट्रांत व्यापाराची चढाओढ होती.

दोन्ही बाजूंना पवित्र माणसे होती. तरीही पत्रांतून तक्रारी गेल्या, एकमेकांच्या हेतूंविषयी शंका घेतल्या गेल्या. पवित्र माणसांनाही जीभ असते आणि ती घसरते. हे लपवून संतांचे चरित्र लिहिले, तर ते वाचकाच्या उपयोगी पडत नाही.

एक जहाज आणि एक वाक्य

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटावरील तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. जहाजात मौल्यवान माल होता. कोरियातील युद्धामुळे हिदेयोशी यांना द्रव्याची गरज होती. त्याच वर्षी क्योतो परिसरात मोठा भूकंप झाल्याने नुकसानही अतोनात झाले होते. त्यांच्या अधिकाऱ्याने तो सारा माल जप्त केला. फादर पेद्रो बाप्तिस्ता यांनी मध्यस्थीचा प्रयत्न केला, परंतु तो निष्फळ ठरला.

यानंतर काय घडले, याविषयी जी हकीकत सर्वत्र सांगितली जाते ती अशी. जहाजाच्या सुकाणूवाल्याने जपानी अधिकाऱ्याला जगाचा नकाशा दाखवून आपल्या राजाचे राज्य किती विशाल आहे ते सांगितले. एवढे देश कसे जिंकले, या प्रश्नावर त्याने ऐटीत उत्तर दिले की, आधी मिशनरी जातात, लोकांना आपलेसे करतात आणि मागाहून सैन्य येते. माल वाचावा, समोरच्याला धाक बसावा, एवढ्याच हेतूने फुशारकी मारली गेली असावी. हे शब्द खरोखर उच्चारले गेले की नाहीत, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. स्पॅनिश लोकांनी उलट आरोप केला की, त्यांना चाचे ठरविणारी कुजबूज पोर्तुगीजांनी आणि त्यांच्या बाजूच्या लोकांनी दरबारात केली. दरबारात ख्रिस्ती धर्माविरुद्ध कान फुंकणारेही होतेच.

कोणी काय म्हटले, हे आता चारशे वर्षांनंतर निश्चित सांगता येत नाही. अफवेचे स्वरूपच असे असते. तिला जन्मदाता सापडत नाही, मात्र तिचे बळी नावानिशी मोजता येतात. डिसेंबर १५९६ मध्ये क्योतो व ओसाका येथील मठांभोवती पहारे बसले. याद्या तयार झाल्या. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते आणि त्यांपैकी एक ब्रदर गोन्सालो होते. तीन जपानी येशूसंघीय होते. उरलेले जपानी प्रापंचिक होते आणि त्यांत बारा-चौदा वर्षांची मुलेही होती.

याद्या तयार होत असतानाची एक घटना परंपरेने जपून ठेवली आहे. मथियास नावाच्या एका सेवकाला शिपाई शोधीत होते. तो तेथे नव्हता. तेव्हा शेजारचा एक ख्रिस्ती मनुष्य पुढे आला. आपलेही नाव मथियास आहे आणि आपणही ख्रिस्ती आहोत, असे त्याने सांगितले. शिपायांनी त्यालाच नेले. एकीकडे दुसऱ्याचे नाव पुढे करून आपली कातडी वाचविणारे जग होते, तर दुसरीकडे दुसऱ्याचे संकट आपल्या नावावर घेणारा हा शेजारी होता.

क्षमेची वाट

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतो येथे २४ बंदिवानांच्या डाव्या कानाचे तुकडे कापण्यात आले. मूळ हुकूम नाक व कान कापण्याचा होता, परंतु अधिकाऱ्याने तो सौम्य केला. नंतर त्यांना गाड्यांतून क्योतो, ओसाका व साकाई या शहरांतून फिरविण्यात आले आणि भर हिवाळ्यात नागासाकीकडे चालविण्यात आले. तो प्रवास सुमारे चार आठवड्यांचा होता. वाटेत त्यांची सेवा करणारे आणखी दोघे बंदिवानांत ओढले गेले आणि संख्या २६ झाली.

नागासाकीजवळ सोनोगी येथे येशूसंघाचे दोन धर्मगुरू त्यांना भेटावयास आले. त्यांपैकी जुवांव रॉड्रिग्ज हेही हिदेयोशींच्या दरबारात दुभाषी होते. गोन्सालो फ्रान्सिस्कनांची जीभ होते, तर रॉड्रिग्ज येशूसंघाची. या भेटीत फादर पेद्रो बाप्तिस्ता यांनी, आपल्या बांधवांकडून येशूसंघाला जो काही त्रास झाला असेल त्याबद्दल, क्षमा मागितली. रॉड्रिग्ज यांनीही आपल्या संघाच्या वतीने क्षमा मागितली. दोघांनी एकमेकांना आलिंगन दिले.

आमच्या मते या चरित्राचा गाभा येथे आहे. जो मनुष्य दुसऱ्या दिवशी क्रुसावर मरणार आहे, त्याच्याकडून क्षमायाचनेची अपेक्षा कोणीही केली नसती. अन्याय त्याच्यावर झालेला होता. तरी, कोणाची चूक किती, याचा हिशेब त्याने मांडला नाही. आपल्या वाट्याचा दोष त्याने प्रथम उच्चारला आणि त्यामुळे समोरच्यालाही आपला दोष उच्चारणे सोपे गेले.

५ फेब्रुवारीच्या सकाळी निशिझाका टेकडीवर २६ क्रूस मांडलेले होते. परंपरा सांगते की, ब्रदर गोन्सालो एका क्रुसाजवळ गेले आणि हा आपला का, असे त्यांनी विचारले. तो त्यांचा नव्हता. त्यांना दुसऱ्या क्रुसाजवळ नेण्यात आले, तेव्हा त्यांनी गुडघे टेकून त्याला मिठी मारली. बंदिवानांना खिळ्यांऐवजी दोर व लोखंडी कड्यांनी क्रुसावर बांधले आणि शेवटी भाल्यांनी त्यांचे प्राण घेतले. क्रुसावरूनच ब्रदर पॉल मिकी यांनी लोकांना उपदेश केला आणि हिदेयोशी यांना व आपल्या मरणास कारण झालेल्या सर्वांना क्षमा केली. कालवरीवर प्रभू येशूने आपल्या मारेकऱ्यांसाठी केलेली प्रार्थना त्या टेकडीवर पुन्हा जिवंत झाली. ज्या येशूसंघात गोन्सालो यांना स्थान मिळाले नव्हते, त्याच संघाचे तीन बांधव त्यांच्यासोबत एकाच रांगेत क्रुसावर होते. त्यांचा वेश निराळा होता, संघ निराळे होते, रक्त मात्र एकाच प्रभूसाठी सांडले.

आम्हांस येथे एक गोष्ट जोडावीशी वाटते. रक्तसाक्षींच्या मरणाने भांडण संपले नाही. दोन्ही संघांचे लोक पुढेही एकमेकांना दोष देत राहिले. १५९८ साली येशूसंघाचे ज्येष्ठ धर्मगुरू अलेस्सांद्रो वालिन्यानो यांना आरोपांना उत्तर देणारा एक ग्रंथ लिहावा लागला. ज्या आरोपांना ते उत्तर देत होते, त्यांपैकी काही रक्तसाक्षींपैकीच एक असलेले फादर मार्तीन यांनी हयातीत लिहिलेले होते. फादर मार्तीन आज संत आहेत. त्यांच्या लेखणीने दुखावले जाणारेही प्रभूचेच सेवक होते. संत होणे म्हणजे कधीही न चुकणे नव्हे, तर ख्रिस्ताच्या क्षमेखाली येणे होय, याची याहून ठळक साक्ष आम्हांस ठाऊक नाही.

वेदीवरील मान

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली या रक्तसाक्षींना धन्यवादित घोषित केले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. तो दिवस पेंटेकॉस्टचा, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण होता. त्या सणी प्रेषितांवर अग्नीच्या जिभा उतरल्या आणि निरनिराळ्या भाषांचे लोक एकच संदेश ऐकू लागले. वसईच्या दुभाष्याला संतपद मिळण्यास याहून उचित दिवस कोणता? संतपदाच्या शताब्दीनिमित्त १९६२ साली निशिझाका टेकडीवर स्मारक व संग्रहालय उभे राहिले. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि गास येथील चर्च त्यांनाच समर्पित आहे.

आपल्यासाठी बोध

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) धर्मप्रांतातील श्रद्धेचा इतिहासही जिभेच्या शुद्धतेशी जोडलेला आहे. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत शुभवर्तमान घेऊन आलेले धर्मगुरू संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या संघाचे होते. या सौम्य संताने भक्तिमय जीवनावरील आपल्या ग्रंथात परनिंदेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्याच संताला १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी लेखक व पत्रकारांचा आश्रयदाता घोषित केले. लेखणी व जीभ या दोहोंचा हिशेब द्यावा लागतो, हे आम्हां लिहिणाऱ्यांनाही त्यातून कळते.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत नेमकी आहे. पुरेशा आधाराविना दुसऱ्याला मनातल्या मनात दोषी ठरविणे, हे पाप होय. खोटा आळ घेणे, हे तर पाप आहेच. याहून अधिक विसरली जाणारी गोष्ट अशी की, दुसऱ्याचा खरा दोषदेखील योग्य कारणावाचून, ज्यांना तो ठाऊक नाही अशांपुढे उघड करणे हेही पाप होय. आम्ही खोटे थोडेच बोलतो, हा बचाव म्हणून टिकत नाही. याचा अर्थ अन्यायावर पांघरूण घालावे, असा मुळीच नाही. एखाद्या दुर्बलावर अत्याचार होत असेल, तर तो योग्य अधिकाऱ्यांपुढे आणि कायद्यापुढे नेणे हे कर्तव्य आहे. चहाडी आणि तक्रार यांत फरक आहे. तक्रार दोष दूर करू शकणाऱ्याकडे जाते. चहाडी इतर सर्वांकडे जाते, त्याच्याकडे मात्र जात नाही.

रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात जे बोलणे चालते, त्याने किती घरे दुखावली जातात, हे प्रत्येक धर्मग्रामाला ठाऊक आहे. कोणाच्या मुलीच्या विवाहाविषयी, कोणाच्या कर्जाविषयी, चर्चच्या वर्गणीच्या हिशेबाविषयी एखादे वाक्य सहज सोडले जाते. आता तर ते मोबाईलवरून क्षणात गावोगाव पोहोचते. ज्याच्याविषयी ते बोलले गेले, तो मनुष्य पुढच्या रविवारी मागच्या बाकावर बसतो आणि काही महिन्यांनी दिसेनासा होतो. ख्रिस्तशरीरापासून एक अवयव असा नकळत तुटतो. जीभ लहान असली तरी तिच्या ठिणगीने मोठे रान पेटते, हा संत याकोबाच्या पत्रातील इशारा आपण वाचनात ऐकतो आणि दारातून बाहेर पडताच विसरतो.

मग उपाय काय? पापनिवेदनात हे पाप मोघमपणे न सांगता स्पष्ट सांगावे. प्रभू येशूच्या रक्ताने मिळणारी क्षमा याही पापाला पुरून उरते. परंतु क्षमा मिळाली तरी भरपाईचे कर्तव्य उरते, असे ख्रिस्तसभा सांगते. ज्याचे नाव आपण मलिन केले, त्याचे नाव आपल्या परीने पुन्हा उजळ करणे आपल्यावर बंधनकारक आहे. जेथे वाईट बोललो, तेथेच जाऊन ते मागे घ्यावे. आणि ज्याची निंदा झाली आहे, त्यानेही आपले दुःख प्रभूच्या क्रुसाजवळ ठेवावे. क्षमा करणे म्हणजे जे घडले ते योग्य होते असे म्हणणे नव्हे. ते अन्यायच होते, हे मान्य करूनही सूडाचा अधिकार प्रभूच्या हाती सोपविणे, ही ख्रिस्ती क्षमा होय.

प्रायश्चित्तकाळ या स्मृतिदिनानंतर लवकरच सुरू होतो. मांसाहार वर्ज्य करणे आपल्याला जमते. या वर्षी प्रत्येक कुटुंबाने आणखी एक उपवास करावा, अशी आमची नम्र विनंती आहे. चाळीस दिवस कोणाच्याही पाठीमागे त्याचा दोष काढू नये, आणि ज्या एका घराशी आपले बोलणे बंद आहे, त्या घराचा उंबरठा ईस्टरपूर्वी ओलांडावा. सोनोगी येथे मृत्यूच्या आदल्या दिवशी जे साधले, ते आपल्याला जिवंतपणी साधावे.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.